दीडशे टनांचं प्रमाणपत्र

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बैल धुण्याची गडबड ऐकू येत होती.

"मॅडम, जीआयएसचा कोर्स करावा म्हणते. पुण्याला. सहा महिन्याचा हाय, फी पंचावन्न हजार. करू का?"

जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचं तंत्र. ती धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वस्तीवरची. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या पाणलोट शिबिरात तिच्या कॉलेजची मुलं आली होती, त्यात ती होती. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) म्हणजे काय हे मी फळ्यावर समजावत होते. तिने हात वर केला आणि म्हणाली, शेळ्या डोंगरावर चरताना आडव्या वाटा पाडतात, त्या अशाच असतात. मला हे उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आता प्रत्येक शिबिरात मी तेच देते. यंदा ती भूगोल घेऊन बी.ए. झाली.

"पैसे कुठून भरणार?" मी विचारलं.

"आई-दादा यंदा उचल वाढवून घेणारेत."

तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यात ज्याला एक कोयता म्हणतात तो म्हणजे ही नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जाऊन ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, तेव्हापासून टनाला साडेतीनशेच्या थोडं वर मिळतात. फोन ठेवल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. पंचावन्न हजार म्हणजे साधारण दीडशे टन ऊस. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. दीडशे टन म्हणजे असे अडीच ते तीन महिने, दोन माणसांचे.

मी तिला "दोन दिवसांनी सांगते" म्हटलं होतं. दोनाचे दहा दिवस झाले. उत्तर येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण दर वेळी वेगळं येत होतं. कारण हाच प्रश्न माझ्या घरात सात वर्षांपूर्वी येऊन गेलेला आहे, आणि त्याचा हिशोब मी कधी पुरा मांडलाच नव्हता.

आमच्याकडे तो हिशोब सोयाबीनच्या क्विंटलांत झाला होता. २०१८ सालची गोष्ट. मी एम.ए. भूगोल झालेली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. वर्षातले सात-आठ महिने काम, आणि बिल निघेल तेव्हा पैसे. पुण्यातल्या एका संस्थेचा जीआयएसचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता, फी ४५,००० रुपये. कॉट बेसिसवर राहणं आणि मेस धरून सहा महिन्यांचे आणखी ३३,०००. एकूण ७८,०००. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्या आकड्याकडे पाहिलं आणि ओसरीवर बसल्या-बसल्या म्हणाले, "तेवीस क्विंटल."

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३,३९९ रुपये होता. तेवीस क्विंटल हमीभावाने. आडतीवर त्याहून कमी भाव मिळतो, म्हणजे खरं तर पंचवीस-सव्वीस. आमचं रान चार एकर, सगळं पावसावर. बरं साल असेल तर एकरी सात-आठ क्विंटल होतं. २०१८ बरं साल नव्हतं. ऑक्टोबर संपताना सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आमचा केज त्यात होता. एकरी तीन क्विंटल झालं. चार एकरांचं सगळं पीक विकूनही माझा अर्धा खर्च निघत नव्हता.

म्हैस विकली. पुढची साडेतीन वर्षं घरात विकतच्या दुधाचा चहा झाला. आजी एका शब्दाने काही बोलली नाही, पण सकाळी गोठ्यातल्या रिकाम्या दाव्याकडे बघत बसायची. प्रमाणपत्राच्या किमतीत मी हे कधी धरलं नव्हतं. आता धरते.

आप्पांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "ताई, ह्या कागदानं नोकरी लागती का?" मी "हो" म्हणाले. कारण संस्थेच्या माहितीपत्रकावर तसं छापलेलं होतं.

भूगोल हा विषय आमच्याकडे कसा घेतला जातो हेही सांगायला हवं. कला शाखेत प्रात्यक्षिकाचे मार्क असणारे विषय थोडे, त्यात भूगोल येतो, म्हणून तो भरतो. प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल. साखळी मोजणी, प्रिझमॅटिक कंपास, समतल फलक, सगळं जर्नलमध्ये असतं आणि मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. लातूरला पाणी पाजणारं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला आहे. त्याच्या तळाला भेगा पडलेल्या मी येता-जाता बसमधून पाहत होते. त्याच उन्हाळ्यात पर्जन्यछायेच्या प्रदेशावर टीप लिहा असा प्रश्न मी परीक्षेत सोडवला, चांगल्या मार्कांनी. त्या टीपेत धनेगावचं नाव नव्हतं. मला कुणी लिहू नको म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नाही. आपण ज्यावर उभे आहोत ती जमीन आणि आपण शिकतो तो विषय यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे पंधरा वर्षांच्या शिक्षणात माझ्या ध्यानात आलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यातला कोर्स वाईट होता असं मी म्हणणार नाही. शिकवणारे लोक तयारीचे होते. पण शिकवलं ते एका महागड्या सॉफ्टवेअरची बटणं कुठे आहेत ते, आणि सरावाला होती ती त्या सॉफ्टवेअरबरोबर येणारी परदेशी शहरांची माहिती. सहा महिन्यांत महाराष्ट्राचा एक तुकडासुद्धा पडद्यावर आला नाही. कोर्स संपला, मी गावी आले, आणि कळलं की ते सॉफ्टवेअर विकत घेणं आमच्या कुणाच्याच आवाक्यातली गोष्ट नाही. क्यूजीआयएस नावाचं तेवढंच काम करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, २००२ पासून जगभरचे लोक ते मिळून घडवत आले आहेत, हे मला कोर्स संपल्यावर एका मैत्रिणीकडून समजलं.

नोकरी लागली. माहितीपत्रकावरचं वचन खोटं ठरलं नाही, एवढं कबूल करायला हवं. पुण्यातल्या एका कंपनीत महिना ११,००० रुपये. काम होतं ते अमेरिकेतल्या शहरांच्या घरांची छपरं उपग्रहाच्या चित्रावरून गिरवायचं. एका पाळीत इतकी छपरं, असं टार्गेट. कोपरा चुकला की छप्पर परत यायचं. दहा महिने मी ज्या गल्ल्यांमध्ये कधी जाणार नाही त्या गल्ल्यांतली घरं मोजली. कॉट आणि मेस भागून जे उरलं ते घरी पाठवलं, एकूण बत्तीस हजार. म्हणजे निव्वळ पैशांत बघितलं तर म्हशीचेसुद्धा फिटले नाहीत. आणि त्या कामात भूगोल काहीच नव्हता. दहावी झालेली कुठलीही नीट हाताची मुलगी ते करू शकली असती. माझ्या शेजारी बसणारी बी.कॉम. होती आणि माझ्यापेक्षा जलद होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी एका जुन्या लॅपटॉपसह गावी अडकले. इथून पुढचं मला सावकाश सांगावंसं वाटतं, कारण प्रमाणपत्राचं मोल मला तिथे कळायला लागलं.

आप्पांनी आमच्या रानात तीन बोअर पाडले आहेत. तिन्ही वेळा पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला, नारळ जिथे उभा राहिला तिथे खूण केली. गाडी लागली. साडेपाचशे फूट, सहाशे फूट. नुसता फुफाटा. तिसऱ्याला कसंबसं बोटभर. एकेका बोअरला पन्नास हजारांच्या आसपास गेले, म्हणजे एकेका बोअरमध्ये माझी फी गेली. त्या पैशांबद्दल "ह्यानं पाणी लागतं का" असं आमच्या ओसरीवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही. बोअरला घातलेले पैसे नशिबाच्या खात्यात लिहिले जातात आणि मुलीच्या शिक्षणाला घातलेले हिशोबाच्या खात्यात. आप्पांना मी दोष देत नाही. सगळं गाव तसंच लिहितं.

त्या उन्हाळ्यात करायला काही नव्हतं म्हणून मी आणि भैय्याने गावातले बोअर मोजायला सुरुवात केली. मोबाइलच्या जीपीएसवर जागा नोंदवायची आणि मालकाला तीन गोष्टी विचारायच्या: किती फूट, कोणत्या साली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. एकशे त्रेचाळीस बोअर निघाले. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गावाचा नकाशा घेतला आणि बांधांचे कोपरे जुळवून तो उपग्रह-प्रतिमेवर बसवला. त्या बसवण्यालाच आठ दिवस गेले. नकाशावरचे काही बांध जमिनीवर उरलेलेच नव्हते, आणि जमिनीवरचे काही बांध नकाशाला ठाऊक नव्हते. प्रतिमा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या जोडीची, मे महिन्यातली. ही जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते, दहा मीटरपर्यंतचं दाखवते, आणि तिच्या प्रतिमा कुणालाही फुकट मिळतात. मे महिन्यात आमच्या रानात जे हिरवं दिसतं ते पाण्यावरचंच असतं. हिरवं पान अवरक्त किरण जोरात परतवतं आणि लाल प्रकाश शोषून घेतं. त्या दोन आकड्यांचं गणित मांडलं की कोरड्या करड्या रानात जिवंत तुकडे आपोआप उजळतात.

तुकडे उजळले आणि त्यांच्यावर बोअर टाकले. पाणी टिकवणारे बोअर गावभर विखुरलेले नव्हते. बहुतेक सगळे एका तिरप्या पट्ट्यात होते, पाझर तलावाच्या खालून निघून महादेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या. आमची तिन्ही भोकं त्या पट्ट्याच्या बाहेर होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलीचा आणि पाण्याचा काही मेळ नव्हता. पट्ट्यातले दीडशे-दोनशे फुटांचे बोअर मेपर्यंत चालत होते आणि पट्ट्याबाहेरचे सहाशे फुटांचे पहिल्या वर्षीच मेले होते.

आमच्या खालचा खडक हा लाव्हाचा, थरावर थर बसलेला. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरुमात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणाला पाणी धरायला जागाच नसते, त्यात हजार फूट गेलं तरी. हे सगळं मी एम.ए.ला पाठ केलं होतं. विहीर खणणारे वडार लोक तेच सांगतात, त्यांच्या शब्दांत, आणि कुणी त्यांना मार्क देत नाही. पण गावाच्या नकाशावर ते समोर दिसलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी भूगोल शिकले आहे.

आजीला दाखवलं. तिला बोअरमध्ये रस नव्हता, तिने तळं कुठे आहे विचारलं. तो पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा ती नवी नवरी होती, दुष्काळी कामावर माती वाहायला जायची, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन. पृथ्वीची चित्रं सतत घेत राहणारा लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह अमेरिकेने सोडला तो २३ जुलै १९७२ रोजी. म्हणजे ज्या जुलैमध्ये आमच्याकडचे लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते, त्याच जुलैमध्ये वरून बघणारा तो डोळा पहिल्यांदा उघडला. त्या जुन्या प्रतिमा २००८ पासून सगळ्यांना मोफत आहेत. सत्तरच्या दशकातली एक मी उतरवून घेतली. त्या काळचं चित्र भरड, एक ठिपका म्हणजे जवळपास ऐंशी मीटर. आमचं तळं त्यात चार-सहा काळपट ठिपक्यांएवढं आलं होतं.

आजीने बोट लावून बघितलं. "एवढंसं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "लई पाट्या गेल्या गं माझ्या त्यात."

पुढच्या वर्षी अंबाजोगाईजवळ काम करणाऱ्या एका पाणलोट संस्थेची जाहिरात आली. मुलाखतीत मी तो नकाशा पुढे ठेवला. पाऊण तास सगळे त्या नकाशावरच बोलले. तिरपा पट्टा कशामुळे, तळ्याचा गाळ काढला तर काय होईल, लोकांनी खरी खोली सांगितली कशावरून. प्रमाणपत्राची प्लास्टिकची फाइल माझ्या मांडीवरच राहिली. ती मी तशीच घरी घेऊन आले.

ही गोष्ट मी गेल्या चार वर्षांत अनेक मुलांना सांगितली आहे आणि सांगताना नेहमी असं सुचवलं आहे की कागदाला काही किंमत नाही, काम करा. या दहा दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी त्यातला एक भाग दर वेळी गाळत आले. त्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘जीआयएसमधील प्रमाणपत्र आवश्यक’. अर्जाबरोबर त्याची प्रत जोडली नसती तर माझा अर्ज छाननीतच बाजूला पडला असता आणि नकाशा कुणी पाहिलाच नसता. कागद एकदाच उपयोगी पडला, पण त्या एका वेळेला दुसरं काहीही चाललं नसतं. ज्याच्या मांडीवर तो आहे त्याने दुसऱ्याला "त्याची गरज नाही" असं सांगणं बरोबर नाही.

मग प्रश्न उरतो तो कोणत्या कागदाचा. इथे माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाची भरती निघते तेव्हा आमची भूगोलाची पोरं मोठ्या आशेने जाहिरात उघडतात. त्यात पात्रता असते स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, नाहीतर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेड. भूगोलाचं बी.ए., एम.ए. तिथे चालत नाही. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे शेतकऱ्याच्या पोराला पाळण्यात ठाऊक असतं. पण जमीन मोजायच्या नोकरीच्या दारात भूगोलाची पाच वर्षं मोजली जात नाहीत. माझा भैय्या बारावीत नापास होता होता वाचला आणि सरकारी आयटीआयला सर्वेक्षकाला गेला. दोन वर्षांची त्याची सगळी फी माझ्या पुण्यातल्या एका महिन्याच्या खर्चाएवढी झाली. आज तो खाजगी मोजणीवाल्याकडे रोव्हर (मोजणीचं जीपीएस यंत्र) घेऊन बांधाबांधाने फिरतो, माझ्यापेक्षा बरं कमावतो, आणि सरकारी भरतीचा अर्ज भरायला पात्र आहे. मला त्याचा आनंद आहे. पण ज्या मुलीला मोजणीच्या नोकरीची आशा आहे तिला पुण्याच्या कोर्सला पंचावन्न हजार भरायला लावणं ही फसवणूक आहे, हे कुणीतरी तिला भरण्याआधी सांगायला हवं. शिकवायचं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे आधी नेट किंवा सेट, आणि पुढे काय लागतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

तिला मोजणी करायची नव्हती आणि शिकवायचंही नव्हतं. फोनवर मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाली, "तुमी करता ते करायचंय." या वाक्याचं ओझं माझ्यावर बसलं होतं, म्हणूनच दहा दिवस लागले.

अकराव्या दिवशी मी तिला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पुण्याला जाऊ नकोस. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था इस्रोची आहे, १९६६ पासूनची. ती २००७ पासून दूरस्थ कोर्स चालवते, ऑनलाइन, फुकट, आणि शेवटी प्रमाणपत्र देते. छाननीच्या टेबलावर त्या प्रमाणपत्राला पुण्यातल्या खाजगी संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त मान आहे. शिकवणं बहुतेक इंग्रजीत असतं, अवघड जाईल, मी बसेन तुझ्यासोबत. क्यूजीआयएससाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा, पूर्वी कॉलेजच्या कपाटात कुलपात असायचं, आता सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून उतरवता येतं. आपण सगळे छप्पन बी या शीटमध्ये येतो. केज, अंबाजोगाई, लातूर, थेट किल्लारीपर्यंत. आधी तुझ्या वस्तीचा नकाशा कर. दीडशे टन वाचव.

ती "हाव मॅडम, हाव मॅडम" म्हणत राहिली. मला वाटलं आनंद झाला. मी स्वतःवर खूश होऊन फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला. आम्ही याआधी कधी बोललो नव्हतो.

"मॅडम, तुमी म्हणलाव पुण्याला धाडू नका. घरी बसून व्हतंय म्हणलाव."

"हो मावशी, पैसे वाचतील."

"पैशाचं खरं हाय." मग त्या थांबल्या. "पर आमी दिवाळी झाली की जाणार कारखान्यावर. घरी म्हातारी सासू, तिला डोळ्यानं दिसंना. पोरगी कुणाच्या भरवशावर ठिवू? आन् सोयरे इचारायलेत. घरी हाय म्हणलं की इचारतेत. पुण्याला शिकायला हाय म्हणलं तर सहा महिने कुणी इचारणार न्हाई."

मी काही बोलले नाही.

"न्हाई तर मग संगं न्यावं लागंल. संगं नेली की तिच्या हातात कोयता येतो, मॅडम. एकदा आला की सुटत न्हाई. माझ्या न्हाई सुटला."

माझ्या वहीत टनांचा भागाकार होता, फी, कॉट, मेस, पगार, परतफेडीचे महिने, सगळं होतं. या बाईने त्याच पंचावन्न हजारांत जे मोजलं होतं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. तिच्या दृष्टीने ती फी शिकवण्याची नव्हतीच. सहा महिने मुलीला एक छप्पर आणि सोयऱ्यांना द्यायला एक उत्तर, एवढ्यासाठी ती दीडशे टन तोडायला तयार होती. आणि मी, पुण्याला सहा महिने राहिलेली मुलगी, हे विसरले होते. मी पुण्याला होते त्या हिवाळ्यात आमच्याकडेही दोन स्थळं येऊन परत गेली होती. "ती कोर्सला हाय," असं आप्पांनी सांगितलं होतं. हे मला पुष्कळ नंतर आईकडून कळलं. त्या ७८,००० रुपयांतून आमच्या घराला काय मिळालं याच्या यादीत मी तेही कधी लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले आणि अंबाजोगाईत फिरले. मेडिकल कॉलेजच्या मागच्या बाजूला नर्सिंगच्या दोन मुली भाड्याने राहतात, त्यांतल्या एकीला मी ओळखते. तिसरीला जागा होती. भाडं वाट्याला पंधराशे, डबा दोन हजार. आमच्या ऑफिसात दुपारी चारनंतर एक संगणक रिकामा असतो. मी आमच्या सरांना विचारलं; ते म्हणाले, बसू दे, आणि गावांच्या विहिरींच्या नोंदी भरायला मदत करत असेल तर त्याचं मानधनही काढू, थोडंफार. किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही तो आकडा धरलेला नाही.

संध्याकाळी मी तिच्या आईला फोन लावला. खोलीचं सांगितलं, सोबतच्या मुलींचं सांगितलं, मी स्वतः दहा मिनिटांवर राहते हे सांगितलं. ऑफिस आहे, कोर्स आहे, सोयऱ्यांना "अंबाजोगाईला कोर्सला हाय" असं सांगता येईल, आणि ते खरंच असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"महिन्याला किती पडतेत?"

"साडेतीन हजार. म्हणजे..." मी वही उघडलेलीच होती. "साधारण दहा टन, मावशी."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नव्हता. मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी, बहुतेक तिच्या वडिलांना, सांगितलेलं मला ऐकू आलं.

"दहा टन म्हनतेत. आठवड्याचं काम हाय."